तळहाताची फिर्याद

वजन उचलणाऱ्याच्या तळहातास घट्टे पडावयाचेच, यात वाद नाही. वाद आहे तो ते किती वाढू द्यावेत, आणि वाढून फाटल्यावर त्याचा दोष कोणाच्या माथी मारावा, याविषयी. आमच्या व्यायामशाळेत या दोन्ही प्रश्नांचा निवाडा एकाच गृहस्थाच्या मुखातून होतो, तो निवाडा बिनतक्रार मानण्याची तेथे वहिवाट पडली आहे, आणि त्या वहिवाटीस हरकत घेतली एवढ्याच गुन्ह्यासाठी 'नाजूक हाताचे अण्णा' ही पदवी मला कायमची बहाल झालेली आहे. महसूल खात्यात अर्ज, कैफियती व जाबजबाब वाचण्यात ज्याची हयात गेली त्याचा तोंडी निकालावर सहसा विश्वास बसत नाही. सबब हा मामला मी लेखी मांडतो आहे. ज्यांना केवळ उपाय हवे असतील त्यांनी मधला मजकूर वगळून उत्तरार्धाकडे वळावे. परंतु रोग कोठून आला हे न विचारता औषध मागणाऱ्यांची मला नेहमीच कीव येत आली आहे.

सांगलीस वजन उचलण्याचे वेड आजचे नव्हे. तथापि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत येथल्याच संकेत सरगरने ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ असे एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळविले, कोपर दुखावल्यामुळे त्याचे सुवर्ण केवळ एका किलोने हुकले, आणि ते दृश्य गावाने घरोघर पाहिले, तेव्हापासून आमच्या व्यायामशाळेत सायंकाळी उभे राहण्यास जागा उरलेली नाही. पोरे आली, पोरी आल्या, निवृत्तीनंतर वेळ कोठे घालवावा या विवंचनेत असलेले माझ्यासारखे प्रौढही आले. नवे सामान मात्र आले नाही. पूर्वी जेवढे बार होते तेवढेच राहिले, आणि त्यांच्यावर पडणारे हात तिपटीने वाढले. हे मी मुद्दाम नमूद करून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आमचे प्रशिक्षक स्वतः एके काळी राज्य पातळीवर खेळलेले गृहस्थ आहेत. त्यांच्या मेहनतीविषयी मी अवाक्षर काढणार नाही. पहाटे सर्वांच्या आधी तेच कुलूप उघडतात आणि रात्री सर्वांच्या नंतर तेच लावतात. परंतु स्वतःच्या देहावर जे निभावले ते सर्वांच्या देहावर निभावलेच पाहिजे, असा एक विलक्षण आग्रह अशा माणसांच्या ठिकाणी असतो. घट्टा हा पैलवानाचा दागिना, हे त्यांचे ब्रीदवाक्य. दर शनिवारी ते पोरांना रांगेत उभे करून तळहात पुढे करावयास लावीत, ज्याचा घट्टा सर्वांत जाड त्याची पाठ थोपटीत, आणि ज्याचा हात मऊ त्यास 'ह्यो सरकारी नोकरीला लागणार' असे म्हणून हशा पिकवीत. तो हशा कोणाला उद्देशून असे, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेखालचा घट्टा वाढून त्याची कडा कपड्यात अडकू लागली, तेव्हा घरातील वजरी घेऊन मी ती कडा सरावानंतर हलकेच घासू लागलो होतो. आंघोळीच्या वेळी टाचा घासावयाची ती वजरी. तिने टाच जशी साफ होते तसा तळहातही होतो, हे समजण्यास कोणाची शागिर्दी करावी लागत नाही. एके दिवशी कपडे बदलण्याच्या खोलीत हे कृत्य प्रशिक्षकांच्या दृष्टीस पडले. त्यांनी ती वजरी माझ्या हातातून काढून घेतली, बाहेर येऊन सर्व पोरांना उंच धरून दाखविली आणि म्हणाले, ''अण्णा, हात जपायचं असंल तर घरात बसून पेटी वाजवा की. हितं लोखंड हाय.'' पोरे हसली. वजरी खिडकीबाहेर गेली. घासलेला हात माझ्या दृष्टीस पडता कामा नये, असा हुकूम त्याच जागी सुटला, आणि ज्या ठिकाणी वयाने सर्वांत मोठा मी होतो त्याच ठिकाणी शिस्त मोडणारा पहिला मीच ठरू नये, एवढ्या विचाराने मी तो पाळला. हुकूम पाळणाऱ्यास त्याच्या परिणामाबद्दल जबाबदार धरण्याचा प्रघात सरकार दरबारी तरी मी पाहिला नव्हता. तो येथे पाहावयास मिळाला.

प्रौढ गटाच्या निवडचाचणीत स्नॅचच्या दुसऱ्या प्रयत्नास, बार मांडीवरून सुटून वर चढत असता, अनामिकेच्या मुळाशी काहीतरी सरकल्याचे मला जाणवले. वेदना नव्हती. बार डोक्यावर पोहोचला, तिन्ही पंचांचा कौल मिळाला, बार खाली टाकला, आणि तळहाताकडे पाहिले तो अठन्नीएवढा कातड्याचा तुकडा एका कडेने लोंबत होता व हातावरील पांढरी पावडर हळूहळू गुलाबी होत चालली होती. आता मुख्य गोष्ट ऐका. प्रशिक्षक धावत आले, ते माझ्या हाताकडे न पाहता थेट बारकडे गेले, आणि त्यांच्या तोंडून निघालेला पहिला शब्द असा: ''बार पुसा रे आधी, रक्त लागलंय.'' बार पुसला पाहिजे हे मलाही मान्य आहे. दुसऱ्याच्या रक्ताने माखलेल्या लोखंडास हात लावण्याची पाळी कोणावरही येऊ नये. परंतु आधी आणि नंतर यांतही काही तारतम्य असते. बार पुसून झाल्यावर मजकडे वळून ते म्हणाले, ''पावडर दाबा त्यात नि उभं ऱ्हावा. अजून एक अटेम्प्ट हाय.'' मी नकार दिला. तेव्हा निवडचाचणीच्या नोंदवहीत माझ्या नावापुढे 'हात नाजूक असल्याने माघार' असा शेरा पडला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदवह्यांतील खोटे शेरे शोधून काढले, त्याच्या नावापुढे असा शेरा पडावा, आणि तो दुरुस्त करण्याविषयी केलेल्या विनंतीस 'आता शाईनं लिवलंय' असे उत्तर मिळावे, यापरता दैवदुर्विलास कोणता?

ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे मी गेलो त्यांनी जखम धुऊन पट्टी बांधता बांधता जे सांगितले ते इतके सरळ होते, की व्यायामशाळेच्या भिंतीवर मारुतीच्या तसबिरीशेजारी लिहून ठेवावे. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. एकाच जागी वारंवार दाब व घर्षण होऊ लागले की खालील जिवंत त्वचेचे रक्षण करण्यासाठी शरीर हा थर जाड करीत जाते, आणि त्यालाच आपण घट्टा म्हणतो. तो शरीराने केलेला बंदोबस्त आहे. त्याचा समूळ उच्छेद करावयाचा नसतो. परंतु जाड झालेला थर ताणला जात नाही, आणि भोवतालची मऊ त्वचा तर ताणली जाते. म्हणून ओढ बसते ती नेमकी या दोहोंच्या सीमेवर, घट्ट्याच्या कडेशी. भिंतीच्या गिलाव्याचा पोपडा जसा मध्ये न फुटता कडेने सुटू लागतो, आणि कड एकदा नखात सापडली की सबंध पोपडाच हाती येतो, तसा हा प्रकार आहे. घट्टा जाड आहे म्हणून फाटत नाही. तो उंच आहे म्हणून फाटतो. ''ही कड इतकी वाढू का दिलीत?'' असे बाईंनी विचारले, तेव्हा खिडकीबाहेर गेलेल्या वजरीची हकीकत मी त्यांना सांगितली. त्या हसल्या नाहीत, एवढेच मला त्या दिवशी समाधान.

तरीही एक कोडे उरले होते. माझ्यापेक्षा दुप्पट जाड घट्टे मिरविणारी जी पोरे इतर बारवर सराव करीत त्यांचे हात शाबूत होते, आणि भिंतीलगतच्या फलाटावर माझ्यासारखी ज्यांची वर्णी लागे त्यांचेच हात वरचेवर फाटत होते. याचा उलगडा व्यायामशाळेत झाला नाही. तो पुण्यास झाला. पुतण्याकडे काही दिवस मुक्काम असता तो मला आपल्या नित्याच्या वेटलिफ्टिंग केंद्रात घेऊन गेला. जखम भरली होती, नवी त्वचा आली होती, तरी मन धास्तावलेले होते. म्हणून हलके वजन घेऊन मी स्नॅच केला, आणि बार डोक्यावर गेला तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली, ती ही की काहीच घडले नाही. मनगटे उलटताना तळहातात जी खरवड होते, जी मी या खेळाचा अपरिहार्य भाग म्हणून आजवर सोसत आलो होतो, ती झालीच नाही. बार हातात स्थिर राहिला. मी पुन्हा करून पाहिला, पुन्हा तेच. पुतण्याने माझा गोंधळलेला चेहरा पाहून बारच्या टोकाची नळी एका बोटाने फिरविली. स्लीव्ह म्हणतात ती हीच नळी, जिच्यावर प्लेटा चढवितात. ती निःशब्दपणे गरगर फिरत राहिली, आणि थांबली ती सावकाश, आपल्या इच्छेने.

त्या क्षणी सर्व प्रकरण माझ्या डोळ्यांपुढे उलगडले. स्नॅचमध्ये किंवा क्लीनमध्ये हात जेव्हा बारखाली वळतात तेव्हा बारचा दांडा हातांबरोबर वळला पाहिजे आणि टोकाच्या प्लेटा मात्र आपल्या जागी राहिल्या पाहिजेत, याकरिताच दांडा व नळी यांच्यामध्ये बेअरिंग किंवा बुश बसविलेले असते. ती नळी गंजून, आमच्याकडे तिपटीने वाढलेल्या हातांच्या पावडरीने व धुळीने जाम झाली, की प्लेटांचे सगळे जडत्व दांड्यास अडवून धरते. हात वळतो, दांडा वळत नाही, आणि दोहोंमध्ये जे सापडते ते माझे कातडे. दांड्यावर जी खरखरीत नक्षी कोरलेली असते ती पकड यावी म्हणून. अडलेल्या बारवर तीच नक्षी कानशीचे काम करते. सांगलीस परतल्यावर दुसऱ्याच दिवशी पहाटे, पोरे येण्यापूर्वी, मी भिंतीलगतच्या त्या बारपाशी गेलो व उजवीकडील नळी बोटाने फिरविली. 'कर्र' असा आवाज झाला आणि नळी पाव फेराही न घेता थांबली. डावीकडील नळी तेवढीही हलली नाही. माझा हात नाजूक होता की बार, हे सांगण्यास आता साक्षीदाराची गरज उरली नव्हती.

मी कार्यकारी मंडळाकडे रीतसर अर्ज केला. बारचा अनुक्रमांक, दोषाचे वर्णन, त्यावर सराव करणाऱ्यांपैकी कोणाकोणाचे हात फाटले त्याचा तपशील, आणि उपायही, असा पूर्ण मजकूर त्यात होता. अर्जाची स्थळप्रत पोचेच्या सहीसह मजजवळ आहे. त्यावर आजतागायत लेखी उत्तर नाही. तोंडी उत्तर प्रशिक्षकांनी दिले: ''बार संस्थेचा, हात तुमचा, ज्याचं त्यानं सांभाळावं.'' मग मी पदरचे दमडे खर्चून शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली, तर संस्थेच्या मालमत्तेस परवानगीवाचून हात लावू नये, असा फलक दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीवर झळकला. ज्याची काळजी घेण्यास कोणी तयार नाही, त्याच्या मालकीची मात्र एवढी दक्षता! आणि या सर्वांवर कडी अशी की, अलीकडे हेच महाशय नव्या पोरांना 'घट्टा घासून सपाट ठेवत चला, न्हाईतर आमच्या अण्णांसारखं हुईल' असा उपदेश करतात. खिडकीबाहेर फेकलेली वजरी अशा रीतीने त्यांच्या मुखातून परत आली. तिच्या मूळ मालकाचे नाव मात्र निष्काळजीपणाचा दाखला म्हणून तिच्यासोबत फिरते आहे.

असो. आता ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या नव्या मंडळींस जे सांगावयाचे ते सांगतो.

प्रथम पकडीविषयी. बहुतेकांची समजूत अशी असते की बार तळहाताच्या मध्यभागी घट्ट आवळून धरला म्हणजे पकड पक्की झाली. वस्तुस्थिती उलट आहे. मध्यभागी धरलेला बार वजन येताच बोटांकडे घसरतो, आणि घसरताना तळहाताची त्वचा पुढे ढकलून बोटांच्या मुळाशी तिची घडी घालतो. ती घडी बार व बोट यांच्यामध्ये चिमटली जाते, आणि घट्टा पडतो तो तेथेच. म्हणून ओढण्याच्या प्रकारांत बार आरंभापासूनच बोटांच्या मुळाशी, म्हणजे जेथे तो शेवटी जाणारच आहे तेथे, ठेवावा व मग मूठ मिटावी. अंगठा बारला लावून त्यावर पहिली दोन बोटे घ्यावीत. ही हुक पकड आरंभी अंगठा ठणकावते, पण ती साधली की इतर बोटांना बार आवळून धरावा लागत नाही आणि तळहातावरील भार हलका होतो. डोक्यावर बार तोलताना मात्र तो तळहाताच्या टाचेशी, मनगटाच्या रेषेत असावा. या दोन जागांची गल्लत करणाऱ्यांचे हात मी ओळखू शकतो.

वजरीविषयी मी अधिकाराने बोलू शकतो. आंघोळीनंतर, अथवा कोमट पाण्यात हात काही मिनिटे बुडवून त्वचा मऊ झाल्यावर, वजरी एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवावी, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाचे अग्र त्या जागेवरून फिरवून पाहावे: बोटास कड लागत असेल तर आणखी घासावे, कड लागेनाशी झाली की थांबावे. घट्टा खरवडून गुलाबी त्वचा बाहेर काढणे हे शौर्य नव्हे. दुसऱ्या दिवशी बार धरवत नाही, एवढेच त्यातून निष्पन्न होते. आठवड्यातून एकदोनदा हे पुरते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी घासू नये. ब्लेडने घट्टा कापणारे, नेलकटरने कड उपटणारे आणि दाताने कुरतडणारे असे तीन वर्ग आमच्याकडे आहेत. तिन्ही वर्ग रक्त काढतात. औषधाच्या दुकानात कुरुपासाठी जी पट्टी मिळते तिच्यात सॅलिसिलिक आम्ल असते, आणि ते घट्ट्याबरोबर शेजारच्या निरोगी त्वचेसही खाते. तळहातावर ती आपल्या मनाने लावू नये. मधुमेह असणाऱ्यांनी तर यांपैकी काहीही डॉक्टरांस विचारल्यावाचून करू नये, कारण त्यांस संवेदना कमी असू शकते व जखम भरावयास वेळ लागतो. आणि वजरी ज्याची त्याने वापरावी.

हे शेवटचे वाक्य मी उगाच लिहिले नाही. एका मुलाच्या तळहातावरील ज्या जाड गाठीबद्दल त्याची शनिवारच्या रांगेत पाठ थोपटली गेली होती, ती गाठ घट्टा नसून विषाणूपासून होणारी चामखीळ होती. ओळखण्याची खूण सोपी आहे: घट्ट्यावर तळहाताच्या बारीक रेषा तशाच पुढे जातात, चामखिळीवर त्या तुटतात, चामखिळीत बहुधा बारीक काळे ठिपके दिसतात, आणि ती दोन बाजूंनी चिमटीत धरली असता दुखते. ती संसर्गाने पसरते. त्या मुलाचा हात सर्वांच्या पावडरीच्या भांड्यात रोज जात होता, आणि आमचे प्रशिक्षक त्या गाठीस दागिना म्हणत होते.

रात्री निजताना तळहातास स्निग्ध पदार्थ लावावा. युरिया असलेले मलम उत्तम. ते न मिळाल्यास व्हॅसलीन, किंवा कोकणातील मंडळी टाचांच्या भेगांस लावतात ते कोकमतेल. कोरडा घट्टा चिरतो, मऊ घट्टा वाकतो. सरावाच्या आधी मात्र यांतले काहीही लावू नये. जुन्या तालमीतून आलेली मंडळी येथे मल्लखांबाचा दाखला देतात, की खांबास एरंडेल लावतात मग बारला का नको. त्यांस उत्तर असे की मल्लखांबावर शरीर सरकावयाचे असते, बार हातातून सरकावयाचा नसतो.

पावडर म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. तिचे काम घाम शोषणे, जखमा भरणे नव्हे. ती जितकी अधिक तितकी पकड अधिक, असा समज आहे. प्रत्यक्षात जाड थर साचला की त्याच्या गाठी होऊन त्याच त्वचेस घासतात आणि हात शुष्क होऊन चिरतात. पातळ थर लावावा, जादा झटकावा, आणि सराव संपताच साबणाने हात धुवावेत. हातमोज्यांविषयी माझे मत अनुकूल नाही: त्यांनी बारची जाडी वाढते, हुक पकड बसत नाही, आणि मोज्याच्या आत त्वचेची घडी पडावयाची ती पडतेच. अंगठ्यास चिकटपट्टी लावण्यास हरकत नाही. ती सांध्यावर इतकी आवळू नये की अंगठा वाकेनासा होईल. बोटांतील अंगठ्या, मग त्या लग्नातील असोत वा ग्रहशांतीच्या, बाहेर काढून ठेवाव्यात. पुष्कराजाने बार हलका होत नाही, आणि अंगठी अडकून बोटास होणारी इजा फार भयंकर असते.

हात फाटलाच, तर त्या दिवसाचा सराव तेथे संपला असे समजावे. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली साबणाने जखम धुवावी. झोंबेल, तरी धुवावी. लोंबणारे मृत कातडे ओढून काढू नये. स्वच्छ कात्रीने तेवढेच कापावे, अथवा ते काम डॉक्टरांवर सोपवावे. त्यात पावडर, हळद, चुना, स्पिरिट यांपैकी काहीही दडपू नये. व्हॅसलीनचा थर लावून न चिकटणारी पट्टी बांधावी व ती रोज बदलावी. जखम उघडी टाकून वाळू दिली म्हणजे लवकर बरी होते हा जुना समज आहे, ओलसर झाकलेली जखम अधिक लवकर भरते. धनुर्वाताचे इंजेक्शन पूर्वी केव्हा घेतले होते ते डॉक्टरांस सांगावे. लाली पसरू लागली, पू धरला, ताप आला किंवा हातावर तांबडी रेघ वर चढताना दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जखम भरेपर्यंत बार पाठीवर घेऊन बैठका माराव्यात, पोट व पाठ यांचे व्यायाम करावेत; नव्या त्वचेवर अंगठा दाबला असता दुखेनासे झाले म्हणजे हलक्या वजनाने पुन्हा बार धरावा.

पाणी पुरेसे प्यावे, झोप पुरी घ्यावी, वजन हळूहळू वाढवावे. हे सर्वच जण सांगतात, म्हणून मीही सांगतो.

बारविषयी सर्वांत शेवटी, परंतु सर्वांत आग्रहाने. पुरुषांचा प्रमाणित बार २० किलोचा व २८ मिलिमीटर जाडीचा असतो, स्त्रियांचा १५ किलोचा व २५ मिलिमीटर जाडीचा. हा तीन मिलिमीटरांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण ज्या मुलीची बोटे लहान आहेत तिला जाड बारवर हुक पकड बसत नाही, ती तळहाताने बार आवळते, आणि मग तिचे हात फाटतात. आमच्याकडे स्त्रियांचा बार आहे; तो खराब होऊ नये म्हणून कोठीत कुलूपबंद आहे, आणि मुली पुरुषांच्या बारवर सराव करतात. पालकांनी याची विचारणा करावी. ती विचारणा मी केली होती. परंतु ज्यास मुलगी नाही त्याने बोलू नये, असे मला सांगण्यात आले. बार निगुतीने ठेवण्यास खर्च फार नाही: सराव संपल्यावर नायलॉनच्या ब्रशने नक्षीतील पावडर काढावी, कारण ती ओल धरते व गंज चढविते, दांडा कोरड्या फडक्याने पुसावा, नळीच्या आत मधून मधून पातळ तेलाचे काही थेंब सोडून ती फिरवावी, आणि दांड्यावर तेल येऊ देऊ नये.

तेव्हा वाचकहो, ज्या व्यायामशाळेत आपण अथवा आपली मुले जात असतील तेथे पहिली प्लेट चढविण्यापूर्वी बारच्या दोन्ही नळ्या बोटाने फिरवून पाहा. फिरल्या तर उत्तम. न फिरल्या तर त्या बारवर वजन चढवू नका, तक्रार लेखी करा, आणि पोचेची सही घेतल्यावाचून तेथून उठू नका.